तादूसाक: आठशे माणसांच्या गावात हिवाळा निघेल का?

डोंबिवली_ते_माँट्रियाल:

मंडळी, नमस्कार. इथे कुणी ना कुणी त्या बाजूला राहिलेलं किंवा निदान जाऊन आलेलं असेल, म्हणून विचारते.

माझ्या नवऱ्याला क्यूबेकच्या कोत-नॉर भागात, तादूसाक नावाच्या गावी एका हॉटेलच्या किचनमध्ये काम मिळतंय. मे ते ऑक्टोबर. मालक म्हणतो, पटलं तर पुढचं पुढे बघू, हिवाळ्यातही काहीतरी निघेल. मी नकाशा उघडला आणि पोटात गोळाच आला. सागने नदी सेंट लॉरेन्सला मिळते त्या कोपऱ्यावर गाव. महामार्ग नदीपाशी येऊन चक्क संपतो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होतो. मध्ये पूल नाही! लोकसंख्या आठशेच्या आसपास. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत सगळ्या विंगा धरल्या तर एवढी माणसं सहज भरतील.

पण गंमत अशी की माँट्रियालमध्ये ज्याला सांगावं तो म्हणतो, "अरे वा, तादूसाक! लहानपणी गेलो होतो आम्ही." एवढंसं गाव आणि सगळ्यांना माहीत, हे कसं? आणि तिथे हिवाळ्यात खरंच कोणी राहतं का? मुलगी आठ वर्षांची आहे. मला फ्रेंच येतं, पुण्यात शिकले होते, पण इथल्या लोकांचं निम्मं डोक्यावरून जातं.

भूगोलवेडा:

आकड्यांपुरतं मी सांगतो. कॅनडाच्या जनगणनेत तादूसाकची लोकसंख्या २००६ साली ८५० होती, २०११ साली ८१३. तेव्हापासून आठशेच्या आगेमागेच आहे. जवळपास सगळ्यांची मातृभाषा फ्रेंच. क्यूबेक शहरापासून १३८ नंबरच्या रस्त्याने साधारण सव्वादोनशे किलोमीटर. क्यूबेकमध्ये पालिकांचे बरेच प्रकार आहेत, त्यात तादूसाकचा दर्जा 'म्युनिसिपालिते द व्हिलाज', म्हणजे आपली ग्रामपंचायतच समजा. शेजारचं साक्रे-कर हे गाव याच्या दुपटीच्या आसपास आहे, पण त्याचं नाव तुम्हाला माँट्रियालमध्ये कोणी सांगणार नाही.

नावाबद्दल: हा शब्द इन्नू या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या भाषेतला, अर्थ 'स्तन'. गावाच्या बाजूला दोन गोलसर टेकड्या आहेत, त्यांच्यावरून पडलेला.

एक दुरुस्ती. सागनेला तुम्ही नदी म्हणालात. वरच्या अंगाला ती नदी आहेच, पण शेवटचे सुमारे शंभर किलोमीटर ती फियोर्ड आहे, हिमनदीने कोरलेली आणि नंतर समुद्र आत शिरलेली दरी. कमाल खोली २७० मीटरच्या वर. पूल का नाही, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

१३८चा_ड्रायव्हर:

ताई, मी ट्रेलर चालवतो. गेली सहा वर्षं माँट्रियाल ते बे-कोमो, कधी पुढे सेत-इलपर्यंत. म्हणजे आठवड्यातून दोनदा तादूसाकची फेरी ठरलेली. राहिलेलो नाही, पण तिथे थांबलोय इतका की निम्मं गाव मला तोंडाने ओळखतं. तेव्हा माझं ऐका, आणि वरच्या साहेबांचा तो ८१३ चा आकडा जरा बाजूला ठेवा.

तो आकडा खोटा नाही. पण तो हिवाळ्याचा आकडा आहे. इथली जनगणना मे महिन्यात होते आणि माणूस नेहमी जिथे राहतो तिथे मोजला जातो. म्हणजे तुमचे यजमान मे ते ऑक्टोबर तादूसाकला भांडी आपटत असले तरी कागदावर माँट्रियालचेच. उन्हाळ्यात बोटीवर, हॉटेलात, खिडकीत आइस्क्रीम विकणारी जी पोरं दिसतात ती बहुतेक अशीच, बाहेरून आलेली. जुलैत दुपारी गावात उभं राहाल तर म्हणाल, आठशे? आठशे तर नुसते पार्किंगला आहेत! आणि फेब्रुवारीत गेलात तर म्हणाल, आठशे? कुठे आहेत?

फेब्रुवारीचं मी प्रत्यक्ष बघितलंय. दोन वर्षांपूर्वी वादळामुळे सागने ओलांडणारी फेरीबोट थांबली होती. रात्रीचे दहा, ट्रेलर रांगेत, इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये बसलेलो. कंटाळलो आणि गावात चालत निघालो. उणे चोवीस. उगाच चाळा म्हणून उजेड असलेल्या खिडक्या मोजायला लागलो. पाण्याकडच्या रस्त्यावर चार-पाच घरं सोडली की एकात दिवा. बाकीची उन्हाळ्याची घरं, मालक दूर शहरात. मोठं लाल छपराचं हॉटेल, ज्याचा फोटो सगळे काढतात, ते पूर्ण अंधारात, दारासमोर गुडघाभर बर्फ आणि त्यावर एका कोल्ह्याची पावलं. पण चढावरच्या घरांकडे गेलो तर तिकडे सगळीकडे दिवे, कुठे टीव्ही, कुणी फावड्याने दार मोकळं करतंय. खरं गाव ते. पाहुण्यांचं गाव खाली पाण्याशी, माणसांचं गाव वर.

आता ती फेरी, कारण तुमचं सगळं आयुष्य तिच्याभोवती फिरणार आहे. तिकडे तिला 'त्राव्हर्स' म्हणतात. अलीकडे बे-सँत-कात्रिन, पलीकडे तादूसाक, मध्ये सागनेचं तोंड. दहा मिनिटांचा प्रवास, चोवीस तास, बारा महिने, आणि फुकट. हो, फुकट, कारण सरकारच्या हिशेबी तो रस्त्याचाच तुकडा आहे. मी मूळचा दाभोळचा. आमच्याकडे वाशिष्ठीच्या खाडीवर धोपाव्याला जाणारी फेरीबोट गाडीसकट माणसं नेते, त्यामुळे मला वाटलं होतं, यात काय नवल. पण इथे दोन्ही बाजूंना रस्ता डोंगरावरून उतरत थेट धक्क्यावर येतो. बर्फात भरलेला ट्रेलर घेऊन तो उतार पहिल्यांदा उतरलो तेव्हा गणपती आठवला, खोटं कशाला बोलू.

उन्हाळ्यात शनिवार-रविवारी रांग लागते. तास, दीड तास. स्थानिक लोक म्हणूनच शुक्रवारी दुपारी पलीकडे जातच नाहीत. आणि कधी फेरी बंद पडली, तर वळसा घालून शिकूतिमीच्या पुलावरून यायचं, अडीचशे किलोमीटरच्या वर. दहा मिनिटांच्या पाण्यासाठी!

हिवाळा निघेल का, हा प्रश्न तिथे विचारणारे तुम्ही पहिले नाही. १६०० साली पिएर शोव्हँ नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने तिथे फरच्या व्यापाराचं ठाणं टाकलं आणि सोळा माणसं मागे ठेवून तो मायदेशी गेला. वसंतापर्यंत पाच उरले, तेही इन्नू लोकांनी आसरा दिला म्हणून. त्या ठाण्याची लाकडी प्रतिकृती गावात उभी आहे. आत जाऊन बघा. आमच्या घरचा गोठा याहून मोठा होता. बाहेर आलो आणि ट्रकच्या हीटरला हात जोडले.

पुढचं जेवून लिहितो.

निवृत्त_दर्यावर्दी:

तादूसाक वाचून थबकलो. लॉर्ड डफरीन कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता तेव्हा त्याने तिथे उन्हाळ्यासाठी घर बांधलं होतं, १८७३ साली. तोच पुढे १८८४ ते १८८८ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. आणि त्याच्याच नावाचं 'डफरीन' जहाज १९२७ पासून मुंबई बंदरात उभं, ज्यावर आमच्या आधीच्या पिढ्यांनी मर्चंट नेव्हीचं शिक्षण घेतलं. मला 'राजेंद्र' मिळालं, कारण १९७२ मध्ये डफरीन निवृत्त झालं. पण घरात मोठे काका 'डफरीनवाले' होते आणि लग्नाकार्यात ते आम्हाला जाणवून द्यायचे. तो साहेब हवा खायला जायचा ते हे गाव, हे मला कॅनडाच्या एका सफरीत, जहाजाला वाट दाखवायला आलेल्या पायलटकडून कळलं. आमचं जहाज सागनेत बॉक्साइट घेऊन चाललं होतं. तोंडाशी वळताना प्रवाह असा खेचतो की कॅप्टनचा चहा गार होतो.

डोंबिवली_ते_माँट्रियाल:

बाप रे, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. डफरीनचं तर आमच्या सासऱ्यांना लगेच फोन करून सांगितलं!

दादा, म्हणजे ती उन्हाळ्याची घरं इंग्रजांच्या वेळेपासूनची का? आणि शाळा, दवाखाना, किराणा यांचं काय? शिवाय सगळे व्हेलबद्दल बोलतात. नदीत व्हेल कसे? मुलगी विचारून विचारून भंडावते आहे.

भूगोलवेडा:

व्हेलचं मला सांगू द्या.

सेंट लॉरेन्स तिथे नदी राहिलेलीच नाही. पाणी खारट, भरती-ओहोटी येते, आणि पलीकडचा रिव्हिएर-दु-लूचा काठ वीस-पंचवीस किलोमीटर लांब. अटलांटिकच्या तळातून एक खोल दरी, लॉरेन्शियन चॅनल, हजार किलोमीटरहून जास्त आत येते. तीनशे मीटरच्या वर खोल. ती तादूसाकजवळ एकदम संपते, भिंत लागल्यासारखी. भरतीचं गार पाणी त्या भिंतीवर आपटून वर चढतं, सोबत खालचं अन्न वर येतं. त्यातच सागनेच्या मुखाशी, फियोर्डच्या तोंडावर, फक्त वीसेक मीटर खोलीचा उंबरठा आहे, आत मात्र अडीचशे मीटर. सगळं पाणी या उंबरठ्यावरून घुसळून निघतं. मग क्रिल म्हणजे सुकटीसारखी बारीक कोळंबी ढिगाने जमते आणि ती खायला फिन व्हेल, मिंक व्हेल, कधीकधी निळा देवमासासुद्धा येतो. जगातला सर्वांत मोठा प्राणी गावाच्या दारात येतो तो या भिंतीमुळे.

पांढरे बेलुगा मात्र पाहुणे नाहीत, ते बारमाही तिथलेच. २०१२ च्या अंदाजात ते नऊशेच्या आत होते. अलीकडच्या मोजणीत अठराशे पन्नासच्या आसपास सांगितले. यात वाढ झाली असं नाही, मोजण्याची पद्धत सुधारली. म्हणजे गावच्या माणसांपेक्षा बेलुगा दुपटीहून जास्त! पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते हजारांत होते. कोळ्यांची समजूत होती की मासे हेच खातात, म्हणून १९३० च्या दशकात क्यूबेक सरकारने एका शेपटीमागे पंधरा डॉलर इनाम लावलं होतं. शिकारीवर बंदी आली १९७९ मध्ये. आता तोच बेलुगा बघायला लोक पैसे मोजतात.

१३८चा_ड्रायव्हर:

साहेब, भिंतीचं झकास सांगितलंत. सहा वर्षं त्या पाण्यावरून जातोय, खाली एवढी भानगड आहे हे आज कळलं. पहिल्यांदा फेरीवरून बेलुगा दिसले तेव्हा मला ते बर्फाचे तुकडे वाटले होते. मग एका तुकड्याने श्वास सोडला.

ताई, एकेक करून सांगतो.

घरं. हो, बरीच उन्हाळी घरं १८६० नंतरची. तेव्हा क्यूबेक आणि माँट्रियालची श्रीमंत मंडळी, त्यात इंग्रज पुष्कळ, वाफेच्या बोटीने यायची. मोठं हॉटेलही त्याच काळातलं, १८६४ चं. आज उभी आहे ती इमारत १९४० च्या दशकात नव्याने बांधलेली. शेजारीच १७४७ ची लाकडी चॅपेल आहे, बोटभर. तिकडचे लोक सांगतात, उत्तर अमेरिकेत उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या लाकडी चर्चमधली ती एक.

शाळा. प्राथमिक गावात आहे. वर्ग लहान, मास्तर सगळ्यांना नावाने ओळखतो. माध्यमिकला बसने बेर्जरोनला, वीस-पंचवीस किलोमीटर. मुलगी आठ वर्षांची आहे म्हणजे तुम्हाला चारेक वर्षं आहेत. त्यापुढचं शिक्षण मात्र बे-कोमो, शिकूतिमी किंवा क्यूबेक, म्हणजे घर सोडूनच. गाव कमी का होतंय, याचं उत्तर मला तिथल्या टायरवाल्याने दिलं होतं: पोरं शिकायला जातात आणि नोकरी तिकडेच धरतात. कोत-नॉर सगळाच तसा. एवढा लांबलचक किनारा, सेत-इल, बे-कोमो धरून लोक नव्वद हजारांच्या आसपास.

दवाखाना. हॉस्पिटल लेझेस्कुमँला, चाळीसेक किलोमीटर, तेही तादूसाकच्याच काठावर, म्हणजे तुमच्याच बाजूला. हे महत्त्वाचं. रात्री पाणी ओलांडावं लागणार नाही. त्याच गावाला लागून एस्सिपित ही इन्नू वस्ती आहे. त्यांचे कॉटेज, बोटी, दुकानं सगळं चोख चालतं. पुढेमागे बारमाही नोकरी शोधायची वेळ आली तर तिथेही विचारा, नुसते तादूसाकच्या हॉटेलांवर विसंबू नका.

किराणा. गावात मिळतं ते बटाटे, गाजर, चीज, ब्रेड. डाळ तांदूळ माँट्रियालहून भरून न्या. कढीपत्ता विसरा. कोथिंबीर मिळाली तर मला कळवा, मी थांबेन.

हॉटेलच्या नोकरीबद्दल एकच सांगतो, कोणाचं नाव न घेता. मला वाटेत भेटलेल्या एका पंजाबी पोराला अशाच एका ठिकाणी "राहायची सोय आहे" म्हणून बोलावलं होतं. सोय म्हणजे एका खोलीत चौघं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात "खोली खाली करा". तेव्हा यजमानांना सांगा, काम संपल्यावर खोली राहणार की नाही ते लिहून घ्या. तुम्ही दोघं आणि मुलगी असाल तर चढावरचं एखादं घर वर्षाच्या भाड्याने शोधा. उन्हाळ्यात जागा मिळणं कठीण, कारण ज्याला त्याला ती पर्यटकांना द्यायची असते. मार्चपासून फोन सुरू करा. फोनवर, मेलवर नव्हे. तिकडे मेलला उत्तर येत नाही आणि फोन केला की अर्धा तास गप्पा होतात.

भाषेचं. पुण्यात शिकलात ते फ्रान्सचं. इथे सकाळचं खाणं देजने, दुपारचं दिने, रात्रीचं सुपे. शेफ म्हणाला "दिनेला ये", तर दुपारी बारा. मी पहिल्या वर्षी संध्याकाळी सातला पोचलो होतो, डॉक बंद, माल तसाच गाडीत आणि रात्र केबिनमध्ये. आणि 'फ्लव्ह' म्हणजे सेंट लॉरेन्स, नाव घेतच नाहीत. म्हातारी माणसं सरळ 'ला मेर' म्हणतात, समुद्र. मला ते लगेच पटलं. आमच्याकडे खाडी आणि दर्या यांत जो फरक करतो तो असाच, नकाशा काही का म्हणेना.

पाण्याचं अजून एक. उधाणाला पाच मीटरच्या वर चढतं आणि ओहोटीला खडक असे उघडे पडतात की दोन तासांपूर्वीची जागा ओळखू येत नाही. मुलीला सांगा, कोरडा खडक दिसला म्हणून टोकाला जायचं नाही. आणि पाणी जुलैतसुद्धा इतकं गार की पाय घातला की हाडात कळ जाते. पोहायचं असेल तर गावात छोटं तळं आहे, तिकडे.

भूगोलवेडा:

पुलाचं राहिलं. मागणी कित्येक दशकं जुनी आहे, अभ्यास झालेत, पण खोली, प्रवाह, बर्फ आणि खर्च यांत अडकून राहिलंय. गावात मतं कशी आहेत, दादा?

१३८चा_ड्रायव्हर:

ट्रकवाल्यांना विचाराल तर उद्याच पाहिजे. मलाही पाहिजे. बे-कोमो, सेत-इलचे लोक तर रस्त्यावर उतरतील. पण तादूसाकमध्ये, माझ्या कॉफीवाल्या बाईला विचारलं तर म्हणाली, पूल झाला की तुम्ही थांबणार नाही. मी काही बोललो नाही, कारण खरंच थांबलो नसतो.

डोंबिवली_ते_माँट्रियाल:

दादा, आभार मानायला शब्द नाहीत. नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं, 'खोली लिहून घ्या' ते दोनदा. सध्या ठरलंय असं की एप्रिलमध्ये तिघं जाऊन चार दिवस राहून बघायचं. एप्रिल ठीक आहे ना?

१३८चा_ड्रायव्हर:

एप्रिल उत्तम, कारण तेव्हा गाव सगळ्यात वाईट दिसतं. बर्फ काळा, चिखल, हॉटेलं बंद, व्हेलच्या बोटीही बंद. तेव्हा आवडलं तर मग भीती नाही.

बे-सँत-कात्रिनच्या उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेकवर पाय देऊन बसू नका. फेरीवर चढलात की हँडब्रेक लावून खाली उतरा, उतरू देतात. डावीकडे सागनेचे कडे दिसतील, ते फोटोला. मुलीला मात्र उजवीकडच्या कठड्याशी उभी करा, सेंट लॉरेन्सच्या बाजूला, टोपी आणि हातमोजे घालून. बर्फाचा तुकडा दिसला की बघत राहायचं म्हणावं, दहाच मिनिटं असतात.